वहीला मिळालेला दाखल क्रमांक

वही पुस्तक केव्हा होते, हा माझा प्रश्न आहे. औरंगाबादच्या आमच्या शाळेतले ग्रंथपाल मुलांनी घरी विचारून लिहिलेल्या इतिहासाच्या वह्या कपाटात ठेवीत: कुणाची रझाकारांची आठवण, कुणाच्या मेंढरांच्या वाटा, कुणाच्या आजोबांची उर्दू शाळा. वाद आला की ते आधी चष्मा पुसत.

एकदा मुख्याध्यापक म्हणाले, "या वह्या रद्दीत काढा. छापलेलं काय आहे यात?"

ग्रंथपालांनी चष्मा पुसला. "साहेब, पुस्तकांच्या नोंदवहीत प्रत्येकीला दाखल क्रमांक दिलाय. आता वाचक नसेल तरच काढता येईल."

तेवढ्यात पडेगावची एक विद्यार्थिनी आत आली. "सर, माझ्या आजीची वही कुणी नेली? लई दिस झाले, तिला वाचून दाखवायचीय."

मुख्याध्यापक खाकरले. "मी तपासायला नेलीय. दोन पानं वाचायची राहिलीत."

वह्या कपाटातच राहिल्या. वही पुस्तक केव्हा होते, हे वाचकांनी एखादी घरी नेऊन स्वतः पडताळून पाहावे.