टाकीचं दार डावीकडे

माझ्या स्वप्नातली वाहनं अजून रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात. दुबईत येऊन मला चौदा वर्षं झाली. स्वप्नातही मी इथेच असतो. तीच फिकट वाळू, दुपारी रंग हरवून बसणारं तेच आकाश, लांबवर मरीनाच्या इमारती पाण्यात उभ्या असल्यासारख्या हलणाऱ्या. पण गाड्या जातात त्या पुण्यातल्यासारख्या, डाव्या अंगानं, आणि झोपेत मला त्यात काही वावगं वाटत नाही.

जागेपणी मी गाडी चालवत नाही. लायसन्सच्या टेस्टला तीनदा नापास झालो आणि नाद सोडला. घर आणि ऑफिस दोन्ही दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, पायी पंधरा मिनिटांवर, त्यामुळे अडलंही नाही. रस्ता ओलांडताना मी आजही आधी उजवीकडे बघतो. मुलगी लहान होती तेव्हा माझी बाही ओढून ओरडायची, "बाबा, अदर साइड!" आता ती सोळा वर्षांची आहे. ओरडत नाही, नुसती पुढे होऊन उभी राहते. हे सगळं आमच्या घरात थट्टेचं होतं. त्याच चुकीनं एका माणसाचा हात मोडला, आणि ती चूक मी घरी बरेच महिने सांगितली नाही.

आमची कंपनी जनरेटर आणि लाइट टॉवर भाड्यानं देते. लाइट टॉवर म्हणजे रस्त्याच्या कामावर उभे असतात ते उंच दिवे, खाली स्वतःचं छोटं इंजिन असलेले. त्यांना रोज डिझेल लागतं. मी ऑफिसात बसून कुठे किती द्यायचं त्याची चिठ्ठी लिहितो, आणि ती घेऊन पिकअप निघते. त्या वेळी पिकअप चालवायचे ते वसईचे एक ख्रिस्ती गृहस्थ होते, साठीकडे झुकलेले. आधी हॉटेलात होते, मग गुडघ्यांनी ट्रे वाहणं सोडायला लावलं म्हणून ड्रायव्हर झाले. सगळे त्यांना अंकल म्हणत. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. ते मला 'साहेब' म्हणत, पण 'अरे साहेब' अशा सुरात, की ती पदवी आहे की चिमटा ते कळू नये.

अंकल मागे डिझेलची पिंपं ठेवून हातपंपानं डिझेल चढवत. एकदा मला खांदा दाखवून म्हणाले, "अरे साहेब, हा बघ. या वयात हा आमच्या गावच्या विहिरीच्या रहाटासारखा वाजतो." मी मॅनेजरकडे पिकअपमध्ये बसणारी टाकी मागितली आणि 'यल्ला', म्हणजे चला, म्हणत त्यानं ती लगेच मंजूर केली.

ती टाकी निवडण्याचे दिवस मला फार हवेहवेसे वाटले, हेही कबूल करतो. चिठ्ठ्या लिहिणाऱ्या माणसाला क्वचितच काही निवडायला मिळतं. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका वर्कशॉपमध्ये आम्ही दोघं गेलो. वेल्डिंगच्या निळ्या ठिणग्या, तापलेल्या पत्र्याचा वास, आणि दाढी मेंदीनं रंगवलेला एक मिस्त्री. त्यानं तयार टाक्यांवर हात ठोकून ठोकून आवाज ऐकवले. ॲल्युमिनियमची हलकी, पण महाग. लोखंडाची जड, पण ठोका-पोचा सोसणारी. आत आडव्या पट्ट्या हव्यातच, नाहीतर वळणावर डिझेल एका अंगाला धावतं आणि गाडी ओढते. चारशे लिटरच्या वर जाऊ नका, मागची चाकं बसतील.

"और सामान का डिब्बा?" मिस्त्रीनं विचारलं.

"डिब्बा तो चाहिए," अंकल माझ्याआधी म्हणाले. मग मला मराठीत, "पाइप, नोझल, हातमोजे, फडकी, सगळं माझ्या पायाशी लोळतं रे. घरातल्या बाईला ओटा असतो ना, तसं काहीतरी दे मला."

ठरलं ते असं. केबिनच्या मागे पिकअपच्या रुंदीभर एकच लोखंडी पेटी. तिचे दोन भाग डिझेलला, आणि एका टोकाचा तिसरा भाग कपाटासारखा. त्यात बॅटरीवर चालणारा पंप, गुंडाळलेला पाइप आणि सामान. कपाटाचं दार बाजूनं उघडणार, म्हणजे अंकलना वर चढायला नको. साडेचार हजार दिरहम. "म्हणजे लाखभर रुपये," मी मोठ्यानं म्हणालो. अंकल म्हणाले, "लाखाचा ओटा! आमच्या घरातली ऐकेल तर टाकी घरी पाठव म्हणेल."

निघताना मिस्त्रीनं मला सांगितलं, "साब, दरवाजा किस तरफ, ड्रॉइंग में लिख के दो."

ते ड्रॉइंग मी दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसून काढलं. अंकल डिझेल घेऊन गेले होते. पट्टी, पेन्सिल, शांत दुपार, एसीची घरघर. मी मनात एक रस्ता काढला, त्याच्या कडेला पिकअप उभी केली. अंकल खाली उतरतात, कडेच्या बाजूला जाऊन निवांत दार उघडतात. कड डावीकडे होती. मला ती इतकी स्पष्ट दिसत होती की तिथल्या झाडाची सावलीसुद्धा दिसली. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'डोअर अँड पंप, लेफ्ट साइड'. बिजागरी मागच्या कडेला. खाली सही केली.

इथे गाड्या उजवीकडून चालतात. कड उजवीकडे असते. डावीकडे असतो तो धावता रस्ता.

टाकी बसवून पिकअप आली तेव्हा मॅनेजर, मी आणि अंकल अंगणात उभे होतो. अंकलनी पेटीवर हात फिरवला, दार उघडलं, आत वाकून पाहिलं, खूश झाले. मग गाडीला एक फेरी मारून आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, हे रस्त्याच्या बाजूला आलं की."

मला एका क्षणात सगळं कळलं. मॅनेजर माझ्याकडे बघत होता, आणि माझ्या तोंडून निघालं, "वर्कशॉपनं उलटं केलंय. मी राइट सांगितलं होतं."

"या लोकांना पुन्हा काम द्यायचं नाही," मॅनेजर म्हणाला. "आता टाकी परत पाठवून गाडी आठवडाभर अडकवू नका. मॅनेज करा. खलास."

अंकलनी कपाटाचं दार लावून घेतलं.

मिस्त्रीचा फोन दोनदा आला, पुढच्या कामाचं विचारायला. मी उचलला नाही. ज्यानं 'लिख के दो' म्हटलं होतं, त्याच्यावरच मी ते ढकललं होतं. रोज सकाळी चिठ्ठी देताना वाटे, आज सांगू. अंकल चिठ्ठी घेत, वाचत, 'बरं' म्हणत आणि जात. खिडकीतून पिकअप वळताना दिसायची, आणि टाकीचं ते दार उन्हात एकदा चमकायचं.

त्यांनी आपली युक्ती काढली होती. मोकळ्या वाळूत जागा असली की ते गाडी उलट्या तोंडानं लावत, म्हणजे दार रस्त्यापासून लांब. हे ते मला हसून सांगत. "अरे साहेब, मी रिव्हर्समध्येच नोकरी करतो हल्ली." कपाटाच्या आत त्यांनी वेलंकनी मातेचं छोटं चित्र चिकटवलं होतं आणि वसईहून आलेल्या सुकेळ्यांची पुडी ठेवली होती. ती वाळवलेली केळी अर्थातच डिझेलच्या वासाची झाली. तरी ते देत आणि मी खात असे.

आठ महिने गेले. हिवाळ्यात एका सकाळी मला साइटवरचे टॉवर मोजायचे होते, म्हणून टाकी बसवल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांच्याबरोबर पिकअपमध्ये बसलो. धुकं होतं. इथलं हिवाळ्यातलं धुकं समुद्राकडून येतं आणि रस्ता, खांब, उंट, सगळं पुसून टाकतं. सूर्य दुधात पडलेल्या नाण्यासारखा दिसत होता. टॉवरचे दिवे अजून जळत होते, प्रत्येकाभोवती पिवळं वलय. मला वाटलं मी झोपेतच आहे. अंकल हळू आवाजात गावाकडच्या चर्चच्या सणाचं काहीतरी सांगत होते.

शेवटच्या टॉवरशी रस्त्याच्या कडेला सिमेंटचे कठडे होते. गाडी उलटी लावायला जागा नव्हती. त्यांनी कठड्याला चिकटवून ती सरळ उभी केली, मागे दोन नारंगी शंकू ठेवले. मी माझ्या बाजूनं उतरलो. उजवीकडे. कठडा आणि गाडी यांच्यातल्या त्या बोळात मऊ वाळू होती आणि इतकी शांतता, की इंजिन थंड होतानाचं टिकटिक ऐकू आलं. इथे दार असायला हवं होतं, माझ्या मनात आलं. इथेच तर मी ते मनात काढलं होतं, त्या दुपारी.

मग पलीकडून ट्रेलर गेला. तो लागला नाही. त्याचा वारा लागला. गाडी हलली, लोखंड लोखंडावर आपटल्याचा आवाज आला, आणि अंकल एकदाच ओरडले, "आई गं!"

मी धावत वळसा घालून गेलो. बिजागरी मागच्या बाजूला, त्यामुळे मागून आलेल्या वाऱ्यानं उघडं दार धाडकन मिटलं होतं, आणि पंप चालू करून पाइप ओढायला आत गेलेला उजवा हात मनगटाशी त्यात सापडला होता. मी दार ओढलं. अंकल वाळूत बसले. त्यांचा चेहरा धुक्याइतका पांढरा पडला होता. म्हणाले, "नोझल बंद कर आधी. सांडेल."

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

ऑफिसात त्यांनीच कुणाकडून तरी लिहून घेऊन दिलं, गाडी उभी करताना आपलं चुकलं. मॅनेजरनं ते वाचून मला दाखवलं. मी वाचलं आणि परत दिलं. तेव्हाही नाही बोललो.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेलो. स्टाफच्या इमारतीत चौघांची खोली, बाकीचे कामावर. थर्मासमधून चहा नेला होता. पडदा ओढलेला, एसीखाली वाळत घातलेला एक शर्ट हलत होता. अंकल प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसले होते. मी कप त्यांच्या डाव्या हातात दिला आणि उभ्या उभ्याच म्हणालो, "अंकल, वर्कशॉपची चूक नव्हती. दार मीच डावीकडे काढलं होतं."

त्यांनी चहाचा घोट घेतला. "साखर कमी आहे," म्हणाले. मग म्हणाले, "ठाऊक आहे मला."

"कसं?"

"तुझा कागद डब्यातच आहे. पंपाचं पुस्तक आलं ना, त्याच प्लास्टिकच्या पिशवीत मिस्त्रीनं घालून दिलाय. पहिल्याच दिवशी पाहिला. तुझ्या चिठ्ठ्या रोज वाचतो मी, अक्षर नाही ओळखणार?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो की. रस्त्याच्या बाजूला आलं म्हणालो." त्यांनी आणखी एक घोट घेतला. "मग वाटलं, सांगेल. मराठी माणूस आहे, घरी पोरगी आहे, आज नाही तर उद्या सांगेल. रोज चिठ्ठी घेताना वाटायचं, आज."

मी खाली बसलो. मला रडू आलं, आणि त्याचीही लाज वाटली, कारण मोडलेला हात त्यांचा होता.

"ए, मोरी उघडू नको इथे," ते म्हणाले. "आणि मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. त्या दाढीवाल्याला सांग. आणि आपल्या त्या मॅनेजरला. माझा कागद फाडायला सांग, दुसरा तू लिहून दे."

मी तो त्याच दिवशी लिहून दिला. मॅनेजरनं अंकलचा कागद फाडला. मला वॉर्निंग लेटर मिळालं, आणि ते योग्यच होतं. त्या संध्याकाळी मी घरीही सगळं सांगितलं. मुलगी म्हणाली, "बाबा, यू शुड हॅव जस्ट सेड इट." बस, एवढंच.

दुसऱ्या आठवड्यात पिकअप घेऊन आम्ही शारजाला गेलो. गाडी बदली ड्रायव्हरनं चालवली, अंकल हट्टानं बरोबर आले. मी मिस्त्रीसमोर उभा राहून सांगितलं की गलती मेरी थी, मैंने आपका नाम लिया. त्यानं हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाला, "साब, आठ महीने से सोच रहा था, हमने क्या गलत किया. ड्रॉइंग की कॉपी दस बार देखी." एवढं बोलून तो पिकअपवर चढला, पेटीखाली वाकला आणि हसलाच. "ये तो घूम जाएगी."

पेटी चार बोल्टांवर बसवलेली होती. दोन्ही बाजूंना सारखीच. चेन लावून ती वर उचलली, हवेत अर्धी फिरवली आणि पुन्हा खाली ठेवली. पंपाची वायर हातभर वाढवली. जेवणाच्या वेळेआधी काम संपलं. हवेत फिरणारी ती टाकी मी खालून बघत होतो. आतलं उरलंसुरलं डिझेल पट्ट्यांवर आपटत होतं, लहान बाळाला झोका दिल्यावर पोटात दूध डुचमळावं तसं. आठ महिन्यांतली कुठलीही एक सकाळ पुरली असती.

अंकल उजव्या बाजूला गेले, डाव्या हातानं दार उघडलं. मातेचं चित्र होतं तिथेच होतं. त्यांनी पिशवीतून माझा कागद काढला, मला दाखवला. मी तो फाडायला हात पुढे केला.

"राहू दे," म्हणाले. "आता तो ज्याच्या हातात जाईल तो म्हणेल, मिस्त्रीनं उलटं केलं. मग तू सांगायचंस." आणि कागद परत आत ठेवून सुकेळ्यांची पुडी माझ्यापुढे धरली.

ते पुढच्या वर्षी कायमचे गावी गेले. मनगट पूर्ण वळत नाही, फोनवर विचारलं की म्हणतात, "नारळ फोडत नाही रे, बाकी सगळं होतं." नवीन ड्रायव्हर केरळचा आहे. गेल्या महिन्यात तो तोच कागद हातात घेऊन माझ्या टेबलाशी आला. "सर, यहाँ लेफ्ट लिखा है, दरवाजा तो राइट में है. वर्कशॉप ने गलत किया क्या?"

मी त्याला खुर्ची ओढून दिली. "बैठो," म्हणालो, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.