कोरड्या राखेची चिमूट

रोलकाकांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. बत्तीस वर्षं ते आमच्या रबर कारखान्यात एकाच रोल मशीनसमोर उभे राहिले. दोन लोखंडी रूळ एकमेकांकडे फिरतात, मधल्या फटीत रबर मळलं जातं, आणि माणूस चाकूनं ते कापून, दुमडून पुन्हा फटीत घालत राहतो. या कामात लोकांची बोटं जातात. काकांची दहाही शाबूत होती. नवा माणूस आला की ते त्याला आधी आपले हात दाखवायचे, मग मशीन.

मी तिथली प्रयोगशाळेची बाई. प्रयोगशाळा म्हणजे कोपऱ्यातली खोली, एक भट्टी, एक वजनकाटा आणि माझा तापट स्वभाव.

आम्ही कुबड्यांच्या टोकांना बसणारी रबरी टोपणं करायचो. त्यात काजळी आणि खनिज तेल पडायचं, म्हणून ती काळी कुळकुळीत. माझ्या डोक्यात खूळ शिरलं की हे सगळंच बदलायचं. रबर घ्यायचं पिवळ्या फुलांच्या एका रानटी रोपाच्या मुळांतल्या चिकाचं, काजळीच्या जागी भाताच्या तुसाची पांढरट राख, आणि तेल सूर्यफुलाचं. मालकीणबाई म्हणाल्या, "रबर करताय की भाजी फोडणीला टाकताय?" तरी त्यांनी परवानगी दिली. मुळांचं रबर खटपट करून मिळालं ते जेमतेम तीन बॅचपुरतं. तिसरी बॅच फसली तर प्रयोग कायमचा बंद, हे त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं.

काकांची एक पद्धत होती. प्रत्येक बॅचमधून बोटभर रुंदीची पट्टी भाजून घ्यायची, मशीनमागच्या खिळ्याला टांगायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओढून बघायची. पट्टी चांगली निघाल्याशिवाय ते चहाला तोंड लावत नसत. माझी यंत्रं दुपारी जे सांगत, ते काकांना सकाळीच कळलेलं असायचं. मला याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

राखेचं पोतं पहिल्यांदा सोडलं तेव्हा अशी धूळ उडाली की काका खोकून खोकून वाकले. बत्तीस वर्षांची काजळी छातीत बसलेली, त्यात ही राख. मी कागदावर लिहून दिलं, राख आधी तेलात भिजवायची आणि ओली करूनच रोलवर टाकायची. "तुमच्या छातीसाठी आहे हे, काका. आगाऊपणा करायचा नाही," असा दमही भरला. काकांनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि "बरं" म्हणाले.

पहिल्या बॅचची पट्टी ओढताच तुटली. तुटल्या जागी राखेचे पांढरे दाणे दिसत होते. मी राखवाल्याला फोनवर नाही नाही ते बोलले, दुसरी राख मागवली, चाळली, भट्टीत वाळवली. दुसरी पट्टीही तुटली. काका दोन्ही दिवस बिनचहाचे राहिले.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. काकू चार वर्षांपूर्वी पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून कुबडीवर चालायच्या. त्यांची झिजलेली टोपणं मी दर दोन महिन्यांनी तपासायला न्यायची. पण फरशीकडे माझं लक्ष त्या दिवशी पहिल्यांदा गेलं. पलंगापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून खिडकीपर्यंत, पांढऱ्या फरशीवर काळे ओरखडेच ओरखडे.

"रोज बसून पुसते गं," काकू म्हणाल्या. "आधी यांच्या कपड्यांचं काळं धुतलं, आता माझं मीच पुसतेय. आपलं घर आहे म्हणून चालतं. शेजारणीकडे जायचं मात्र सोडलं. तिची फरशी कोण पुसणार?"

मग त्यांनी काकांकडे एक नजर टाकली. "आणि तुम्ही सांगताय का हिला, की मी सांगू?"

काका खिडकीबाहेर बघू लागले. काकूंनीच सांगितलं. "तुझ्या कागदानंच बिघडतंय, पोरी. यांना पहिल्या दिवशीच कळलं. पण म्हणतात, इतक्या वर्षांत माझ्या छातीची कुणी चौकशी केली नाही, मॅडमनी लिहून दिलं. ते चूक आहे असं कुठल्या तोंडानं सांगू? तो कागद उशाखाली ठेवलाय."

"दोन बॅच मातीत गेल्या, काका," मी ओरडलेच. पुढचं वाक्य फार तिखट तयार होतं, पण पलंगावरच्या उशीकडे नजर गेली आणि ते तिथंच राहिलं.

"राख आधीच तेल पिऊन बसते," काका हळू आवाजात म्हणाले. "पिठात गुठळी झाली की मग कितीही ढवळा. राख कोरडी हवी, रबर ताठ असताना, चिमटीचिमटीनं. तेल शेवटी."

"आणि छाती?"

"ती तुम्ही बघा."

मग मी बघितलं. घासकामाच्या खात्यातून धूळ ओढणारं मशीन ढकलत आणलं, काकांना चांगला जाड मास्क बांधला, आणि धूळ ओढणाऱ्या नळीचं तोंड रोलवर धरून स्वतः उभी राहिले. काका चिमूट सोडत होते, रबर कापत होते, दुमडत होते. सगळी सकाळ त्यात गेली. माझे हात भरून आले, पण काका एकदाही खोकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याआधी खिळ्याजवळ हजर. काकांनी पट्टी ओढली, हात पसरले तेवढी ओढली आणि सोडली. ती झटकन पूर्वीएवढी झाली. त्यांनी तीनदा ओढून पाहिली. मग दोन कप चहा ओतला, त्यातला पहिला मला दिला. त्या कपाचे उपकार मी अजून विसरले नाही.

टोपणं झाली फिकट, राखाडी. मालकीणबाईंनी ती जमिनीवर घासून पाहिली, डाग शोधला, सापडला नाही, आणि पुढच्या मुळांची मागणी द्यायला सांगितलं. त्यातलं पहिलं टोपण काका घरी घेऊन गेले.

चार दिवसांनी ते कामावर आले ते एकटेच हसत होते. मी विचारलं, झालं काय.

"काल घरी गेलो तर दाराला कुलूप," ते म्हणाले. "चार वर्षांत पहिल्यांदा. ही शेजारणीकडे जाऊन बसलेली. माझ्याकडे चावी नाही, मग काय, तासभर बसलो पायरीवर. शेजारच्या घरातून हिच्या हसण्याचा आवाज येत होता. हाक मारावीशी वाटलीच नाही."