मुक्ताईंचे गुडघे

महिपती टिळेकर नेमकं काय काम करतात, हे कात्रजच्या त्यांच्या गल्लीत आजतागायत कुणाला नीट कळलेलं नाही. "माणसं पुरवतात," एवढंच लोकांना माहीत. त्यामुळे कुणी लग्नाला वाढपी मागायला येतं, कुणी पोराला ड्रायव्हर म्हणून कुठंतरी चिकटवा म्हणतं. आधी टिळेकर समजावून सांगायचे, की बाबा, कंपन्यांना वरच्या खुर्चीसाठी माणूस लागतो, तो दुसऱ्या कंपनीच्या खुर्चीवरून उठवून आणायचा, हे आपलं काम. हल्ली ते मुकाट्यानं वाढपी शोधून देतात. समजावण्यापेक्षा ते सोपं पडतं.

माणूस खुर्चीवरून उठवणं तसं अवघड नसतं. अवघड असतात पुढचे तीन महिने, राजीनामा दिल्यापासून नव्या जागी रुजू होईपर्यंतचे. साखरपुडा आणि लग्न यांच्यामधला काळ असतो तो, कोण कुठं काडी घालेल सांगता येत नाही. जुनी कंपनी अचानक लाडात येते, बायको म्हणते इथंच काय वाईट आहे, आणि ऐंशीव्या दिवशी गडी फोन उचलायचा बंद होतो. अकरा वर्षांत टिळेकरांचे तीनच गडी असे फिरले. कारण ते त्या तीन महिन्यांत लोकांच्या घरी जात. चहा पीत, घरात खरा निर्णय कोण घेतं ते हेरत, आणि परत आल्यावर पतसंस्थेनं फुकट दिलेल्या डायरीत लिहून ठेवत. 'मुलगी बारावीला, फेब्रुवारीपर्यंत विषय काढू नये.' 'साहेबांना नव्हे, बाईंना फोन करावा.' 'थोरल्या भावाशी बोलणं बंद आहे, भावाचं नाव घेऊ नये.' अशा अकरा डायऱ्या, आणि त्यांत सहाशे बारा माणसं.

मग जुने मालक निवृत्त झाले आणि त्यांचा मुलगा विक्रम केबिनमध्ये बसला. विक्रमनं 'सोबती' आणला. सोबती म्हणजे संगणकावरची एक प्रणाली. ती अर्ज वाचते, माणसांना गुण देते, तीन महिने न कंटाळता मेसेज पाठवते, आणि जुन्या माणसांचीही अधूनमधून चौकशी करते.

"सर, तुमच्या डायऱ्या म्हणजे सोनं आहे सोनं," विक्रम म्हणाला. "पण कपाटात पडून काय उपयोग? टाका सगळं सोबतीत."

त्रेपन्नाव्या वर्षी कुणी आपल्या कामाला सोनं म्हटलं की माणूस पाघळतो. टिळेकरांनी तीन शनिवार-रविवार बसून, दोन बोटांनी, अकराच्या अकरा डायऱ्या टाइप केल्या. एका फॉर्मवर सहीही केली. वाचायचं राहून गेलं.

त्या सहाशे बारांत नागोराव बोकारे होते. मूळचे परभणीकडचे, मांजरीच्या एका नव्या सोसायटीत राहणारे, आणि रांजणगावच्या एका कारखान्याचे होऊ घातलेले प्रमुख. तीन महिन्यांपैकी दोन सरले होते. घरात निर्णय कोण घेतं, हे टिळेकरांनी पहिल्याच चहाला ओळखलं होतं: आई, मुक्ताई. डायरीत नोंद होती, 'आईचे गुडघे. जिना नको. नव्या घराला लिफ्ट आहे का पाहणे.' टिळेकरांनी स्वतः रांजणगावला जाऊन लिफ्ट पाहिली, वरखाली करून पाहिली. मुक्ताईंनी मग लेकाला फर्मावलं, "ह्या मानसाचं ऐक. ह्यो लिफ्टीत बसून आलाय."

आणि एका रविवारी मुक्ताई गेल्या. झोपेतच. पुण्यात नागोरावांचं नात्यातलं कुणी नव्हतं. गावाकडची माणसं यायला दुपार होणार होती. टिळेकर सकाळी सातला पोचले, शववाहिनीसाठी फोन केले, सामान आणलं आणि खांदाही दिला. हे मात्र त्यांनी कुठं टाइप केलं नाही. असलं काही संगणकाला सांगायचं त्यांच्या जिवावर आलं.

शुक्रवारी ऑफिसात बैठक चालू असताना त्यांचा फोन वाजला. नागोरावांनी एक फोटो पाठवला होता, सोबत अक्षरही नाही. फोटो होता मेसेजांचा. पाठवणाऱ्याच्या जागी टिळेकरांचं नाव आणि टिळेकरांचाच हसरा चेहरा.

'नमस्कार नागोराव! आईंचे गुडघे कसे आहेत? थंडीत काळजी घ्या. नव्या घराला लिफ्ट आहे, त्यांना अजिबात त्रास होणार नाही.'

खाली नागोरावांचं एका शब्दाचं उत्तर. 'वारली.'

आणि त्याखाली, मिनिटाच्या आत:

'ऐकून अतिशय दुःख झालं. आई म्हणजे घराचा आधार. मी त्यांना कधीच विसरणार नाही. कधी घडलं हे?'

टिळेकर बैठकीतून उठले ते सरळ गाडीला किक मारून निघाले. हडपसरला पाऊण तास अडकले. त्या पाऊण तासात त्यांनी मनातल्या मनात चार प्रकारे माफी मागून पाहिली. चारही सोबतीनं लिहिल्यासारख्या वाटल्या.

दार नागोरावांनीच उघडलं. दाढी वाढलेली. "या टिळेकर साहेब, बसा," ते म्हणाले. रविवारपर्यंत ते 'भाऊ' म्हणत होते.

"तो मेसेज मी केला नाही हो. ऑफिसातल्या मशीननं..."

"कळलं मला. तुम्ही 'अतिशय दुःख' वगैरे म्हणणारे नाहीत." नागोरावांचा आवाज चढला नाही. "एवढंच सांगा, मशीनला गुडघ्याचं कुणी सांगितलं?"

टिळेकर म्हणाले, "मी."

"माय डॉक्टरला गुडघा दाखवत नव्हती. लाजायची. तुम्हाला दाखवला, म्हणे ह्यो घरचा हाय. आणि तुम्ही घरी जाऊन लिहून काढलं."

"विसरू नये म्हणून लिहायचो."

"लिहा की. पण दुसऱ्याच्या हातात कशाला दिलं?"

विक्रमनं डायऱ्यांना सोनं म्हटलं म्हणून दिलं, हे काय सांगायचं?

"नोकरी मी घेणार," नागोराव उठत म्हणाले. "शब्द मायनं दिलाय. पण आता फोन नका करत जाऊ. काही लागलं तर मी कंपनीला मेल करीन." दारापर्यंत सोडायला ते आले नाहीत.

ऑफिसात परतल्यावर टिळेकरांनी सगळं सांगितलं. विक्रमला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण त्याला कोडंही पडलं. "सर, ते जॉइन होतायत ना? मग आपलं गेलं काय?" त्यानं संगणकाचा पडदा टिळेकरांकडे फिरवला. नागोराव बोकारे यांच्या नावापुढं हिरवा ठिपका. 'संवाद: उत्कृष्ट.'

"माझ्या नोंदी काढून टाक त्यातून."

"नाही निघणार सर. डेटा कंपनीचा आहे. फॉर्मवर तुमची सही आहे."

टिळेकरांनी कपाट उघडलं, अकरा डायऱ्या पिशवीत भरल्या आणि खाली चहाच्या टपरीवर जाऊन बसले. आतलं पुसता येत नसलं तरी लोकांना सावध करता येत होतं. पहिलं पान, पहिलं नाव: पूर्णिमा भिडे. कर्वेनगरात राहणाऱ्या, एका औषध कंपनीचे आर्थिक व्यवहार बघणाऱ्या. त्यांनी नंबर लावला.

"बाई, महिपती टिळेकर बोलतोय. माझ्या नावानं तुम्हाला काही मेसेज आला तर..."

"आलाय. परवाच. आमच्या ह्यांच्या पथ्यपाण्याची चौकशी होती. एवढं शुद्ध आपण लिहीत नाही, तेव्हाच शंका आली. आणि हा फोन तरी आपलाच, हे कशावरून समजायचं?"

या बाईंबद्दल डायरीत होतं ते सगळंच सोबतीला ठाऊक होतं. न लिहिलेलं काय उरलं होतं?

"तुमच्याकडे पहिल्यांदा आलो, त्या दिवशी चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही स्वतः केला होता म्हणालात. दोन कप प्यायलो."

"बरं," पूर्णिमाबाई म्हणाल्या. "म्हणजे आपणच आहात. आता एक करा, माझ्याबद्दल काय काय लिहून ठेवलंय ते वाचून दाखवा. सगळं. काही गाळू नका."

टपरीवाल्यानं चहा पुढं ठेवला. टिळेकरांनी चष्मा लावला, पान सरळ केलं आणि खालच्या आवाजात वाचायला लागले. चौथ्या ओळीला त्यांचे कान गरम झाले, पण थांबायची सोय नव्हती. हे संपलं की अजून सहाशे दहा होते. नागोराव धरायचे नव्हते, त्यांनी फोन नको म्हणून सांगितलं होतं.