पेशीमामांची लाल शाई

मेहकरच्या एका दवाखान्यात रक्तातल्या पेशी मोजायचं यंत्र आलं, तेव्हा सगळ्यांनी त्याला हार घातला. तिथल्या लॅबमधल्या पेशीमामांनी त्यावर आपली टोपी ठेवली. यंत्रानं पेशी, म्हणजे प्लेटलेट, कमी दाखवल्या की मामा काचेवर रक्ताचा थेंब पसरत, मायक्रोस्कोपला डोळा लावत आणि छापील आकड्याशेजारी लाल शाईनं लिहीत, ‘डोळ्यानं पाहिलं.’ विचारलं तर म्हणायचे, “मशीन मोजते बे, पाहत नाही.”

माझं पत्रकही त्यांनी असंच तपासलं. ‘पेशी कमी म्हणजे डेंग्यूच! गटारं साफ करा!’ असं ठळक छापून मी बसस्टँडवर वाटत होतो.

“डेंग्यूच, हे तुले कोनं सांगतलं?”

“मामा, लोकांना सोपं सांगावं लागतं.”

“सोपं सांग. खोटं काऊन सांगतं?”

मला राग आला. मी तेच पत्रक पुन्हा छापलं.

मग ताईची दोन महिन्यांची मुलगी पांढरीफटक पडली, अंगावर निळे डाग. पेशी फारच कमी. डॉक्टरांनी डेंग्यू लिहिला. माझं पत्रक वाचलेल्या ताईनं पेशी वाढतील म्हणून पपईच्या पानांचा रस काढला. पानं मीच तोडून आणली होती.

“ताप कुठी आहे हिले?” काचेसाठी थेंब घ्यायला आलेल्या मामांनी विचारलं आणि रसाची वाटी बाजूला सारली. ताप नव्हताच. तो आहे का, हे आम्ही कोणी पाहिलंच नव्हतं! काचेवर त्यांना लाल पेशीही तुटलेल्या दिसल्या. “पेशी कुठी तरी अडकून राह्यल्या. पोट पाहा लागते.” तेच त्यांनी रिपोर्टवर लाल शाईनं लिहिलं.

डॉक्टर भडकले. “तुम्ही रक्त तपासा. पेशंट मी तपासतो.”

“मंग तपासा न साहेब. पोटावर हात ठेवा.”

हात ठेवला, तर यकृत मोठं लागलं. सोनोग्राफीत त्यात रक्तवाहिन्यांची गाठ निघाली. फार थोड्या बाळांना होते अशी. पेशी तिच्यातच अडकून संपत होत्या. संभाजीनगरला कित्येक महिने औषध चाललं, गाठ आटली. आज भाची माझ्या पत्रकांची विमानं उडवते.

मी चूक कबूल करणारं पत्रक काढलं, त्याच बसस्टँडवर वाटलं. लोक हसले. हसू देत. साहेबाच्या तोंडावर खरं बोलणारा माणूस आमच्या मेहकरात होता, याचा मला माज आहे.

मामांच्या निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ तयार, साहेब ताटकळलेले आणि मामा लॅबमध्ये. मी बोलवायला गेलो, तर कुणा बाळाची काच पाहत बसलेले.

“मामा, नारळ घेऊन थांबलेत सगळे.”

त्यांनी मानही वर केली नाही. “नारळ थांबन बे. या लेकराची माय बाहेर बसली आहे. ताप आहे का, इचारून ये.”