हडळीचा जीवाश्म

साहेबरावांची सारी नोकरी चाकणच्या एका फाउंड्रीत वाळूचे साचे ठोकण्यात गेली. रिटायर झाल्यावर पुनावळ्यातली जमीन बिल्डरला देऊन ते तिथंच फ्लॅटमध्ये राहायला आले आणि मोबाइलवर डायनासोरचे व्हिडिओ बघायला लागले. त्यातून एक खोड जडली. कुणी राक्षसाचं नाव काढलं की हे विचारणार, "मग त्याचा जीवाश्म कुठं हाय?" सत्यनारायणाची आमंत्रणं त्यामुळंच बंद झाली.

एका सकाळी पार्किंगच्या नव्या काँक्रीटवर अनवाणी पावलं उमटलेली सापडली. कुंपणाच्या भिंतीपर्यंत गेलेली, परतीचं एकही नाही. वॉचमन म्हणाला, हडळ. बघता बघता सोसायटी खाली जमली.

"आली असेल तरी गेली ना," चेअरमन सलिल म्हणाला. तो आयटीतला, समजूतदार माणूस.

साहेबरावांना राहवलं नाही. "सलिलराव, हडळीचे पाय उलटे असत्यात. म्हंजी ती भिंतीतनं निघून बिल्डिंगीत शिरली."

बायकांनी पोरं जवळ ओढली, केयूरच्या आईनं तर त्याला कडेवरच घेतलं.

"काका, भुतांचे कुठं ठसे उमटतात?" सलिलनं विचारलं.

"हाडं न्हाईत, म्हणून सांगाडा घावायचा न्हाई. पण ठसा उठला की उठला. कोटभर वर्सांनी शास्त्रज्ञ हितं खणतील आन् म्हणतील, बाई बाहेर गेली. सगळा अभ्यास उलटा."

"फोडून नवीन टाकू," सलिल म्हणाला.

"भूत नसतंय तर फोडता कशापाई?"

साहेबराव खुशीत खाली वाकले आणि तसेच राहिले. डाव्या पावलाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं. तो पाय त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता.

घरी त्यांची बायको गिरजाबाई मोरीत टाचेचं सिमेंट घासत बसली होती.

"दिवसा वॉचमन हटकतोय म्हणून भिंतीजवळचा कढीपत्ता पहाटं अंधारात आणाया गेल्ते," त्या म्हणाल्या. "पाय रुतत्यात हे भिंतीपाशी कळलं, तशी कडंच्या कठड्यावरनं परत आले. खाली काय चाललंय?"

साहेबरावांनी सांगितलं.

"मला हडळ म्हणलात?"

"हडळ वॉचमन म्हणला. मी निस्ती दिशा सांगितली."

गिरजाबाई ओल्या पायानं खाली उतरल्या आणि चारचौघांत म्हणाल्या, "ती मीच." कुणी विश्वास ठेवला नाही. केयूरची आई तर गहिवरली. "आजी, आम्हाला धीर द्यायला म्हणताय ना?"

काँक्रीट तसंच राहिलं. त्या जागी गाडी लावायला कुणी तयार होईना, तेव्हा साहेबरावांनी आपली स्कूटर तिथं नेऊन लावली. गिरजाबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. कढीपत्ता मात्र आता रोज आणतात, भरदिवसा. कुणी हटकत नाही.