अक्कांचं पाखरू

पद्माक्का मला पहिल्यांदा दिसल्या तेव्हा एका पाखराला झापत होत्या. डावा हात उशीवर सरळ पसरलेला, त्यात दोन जाड सुया, सुयांमधून रक्ताच्या नळ्या शेजारच्या मशीनमध्ये गेलेल्या. उजव्या हातात मोबाईल आणि त्याच्या काचेवर अंगठ्याची टकटक. "थांब की जरा. कुठं चाललास एवढ्या वर? म्होरं खांब हाय, दिसंना व्हय तुला? अरिहंता! गेलं." मग त्यांनी डोळे मिटले, एक श्वास सोडला आणि डोळे उघडताना म्हणाल्या, "आनि एक डाव."

हा राजारामपुरीतल्या एका दवाखान्याचा दुसरा मजला. किडन्या निकामी झालेली आम्ही माणसं आठवड्यातून तीनदा, चार-चार तास तिथे मशीनला जखडलेली असायचो. दोन गल्ल्या पलीकडे माझा गणिताचा क्लास होता. असले खेळ खेळणाऱ्या पोरांचे मोबाईल काढून घेऊन कपाटात कोंडण्यात माझी अर्धी हयात गेली होती. आता मी पडून आणि शेजारी साठी उलटलेली बाई तोच खेळ खेळतेय, हे पाहून माझं डोकं फिरलं.

"अहो बाई, आवाज तरी बंद करा," मी म्हटलं.

त्यांनी मान वळवून मला नीट बघितलं. "पावणं, नवीन दिसतासा."

"हो. दुसरीच वेळ."

"मग आज आवाजाचा तरास हुईल. पुढच्या आठवड्यात आवाज न्हाय आला तर तरास हुईल."

आवाज त्यांनी बंद केला नाही. आणि पुढच्या आठवड्यात एक दिवस त्यांना यायला उशीर झाला तेव्हा मी दाराकडे डोळे लावून बसलो होतो, हेही खरं.

अक्का कागलजवळच्या एका गावातल्या. जैन शेतकऱ्याचं घर, ऊस, चार म्हशी. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा अजित त्यांना गाडीवरून आणून सोडायचा आणि बाजारातली कामं उरकून न्यायला यायचा. आमच्याकडच्या बऱ्याच बायकांसारख्या त्या 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायच्या. मी शिकवतो हे कळल्यावर मला त्यांनी मास्तर करून टाकलं. वॉर्डातल्या सिस्टरांशी, डॉक्टरांशी, माझ्याशी त्या एकाच आवाजात बोलायच्या. तो आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचेल असा होता.

खेळ अगदीच साधा. एक पाखरू उडतंय. काचेवर अंगठा टेकला की ते पंख मारून वर उसळतं, नाही टेकला की खाली पडतं. समोरून खांब येत राहतात, काही वरून, काही खालून, मधे थोडी फट. त्या फटीतून पाखरू काढायचं. खांबाला आपटलं की संपलं. दुसरं काहीही नाही. नातीनं त्यांना मोबाईलवर चार-पाच खेळ दाखवले होते. कुठे बंदुका, कुठे तलवारी. अक्कांनी ते सगळे काढायला लावले. "ह्यात कुणाला मारायचं न्हाय," त्या मला म्हणाल्या, "नुसतं जगवायचं हाय. आनि येका अंगठ्याचं काम हाय. आपल्याकडं दुसरा हात कुठं मोकळा हाय?"

तरी पाखरू मरायचंच. मेलं की दर वेळी त्यांच्या तोंडून "अरिहंता" हे त्यांच्या देवाचं नाव निघायचं. जिन्याची पायरी चुकली की एखादा 'अगं आई' म्हणतो तसं. सिस्टर हसायच्या. "अक्का, मशीनवर बसून केवढं पुण्य गोळा करता," म्हणायच्या.

एकदा मी माझा मास्तरपणा काढला. म्हटलं, "अक्का, ह्या खेळाला शेवट नाही. कितीही चांगलं खेळा, पाखरू शेवटी आपटणारच. मग कशासाठी एवढा जीव टाकता?"

"आमचं तरी काय, मास्तर?" त्या पाखरावरची नजर न काढता म्हणाल्या. "आज रक्त धुऊन घेतलं. परवा परत सुई हायच की."

त्या दिवशी घरी जाऊन गुपचूप मीही तो खेळ घेतला. आणि मला कळलं. चूक इतकी लहान असते की पुढच्या वेळी ती होणार नाही अशी खात्रीच वाटते. दोष द्यायला दुसरं कोणी नसतं. हरल्याचं दुःख व्हायच्या आत पाखरू पुन्हा जिवंत होऊन समोर उभं असतं. आमच्यासारख्या माणसांना हे फार मोठं. बाकी सगळ्या गोष्टी आम्हाला पुन्हा पुन्हा विचार करायला लावायच्या. पाणी किती प्यायलो, वजन किती वाढलं, भाऊ काय म्हणाला, बायको काय म्हणाली नाही. पाखरू उडतंय तोवर यातलं एकही आठवत नाही. चार तासांनी पायात गोळे येऊ लागले तरी मी 'आणखी एक डाव' म्हणत असायचो.

मी खेळू लागल्यावर अक्कांनी माझी शिकवणीच घेतली. "लई दाबतासा, मास्तर. लई दाबलं की वर आपटतंय. आनि भ्याला की खाली पडतंय. पाण्याचं बी तसंच हाय की, लई प्यालं तरी मरण, न्हाय प्यालं तरी मरण." त्या दिवसभराचं पाणी सकाळीच एका तांब्यात मोजून ठेवायच्या आणि तांब्या रिकामा झाला की पालथा घालायच्या.

त्यांच्या गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, त्या वर्षी एक मुनिमहाराज चातुर्मासाला आले. अशा वेळी लोक महाराजांसमोर काहीतरी सोडायचा नेम घेतात. कोणी गोड सोडतं, कोणी हिरवी भाजी. अक्का एका सकाळी आल्या, हातात मोबाईल नव्हता.

"विसरलात?" मी विचारलं.

"सोडलं. दिवाळीपतोर."

सिस्टर सुई टोचत होत्या, त्याही थांबल्या. अक्का म्हणाल्या, "महाराजांनी इचारलं, काय सोडताय? मी काय सोडू, सांगा. कांदा-बटाटा कधी खाल्लाच न्हाय. केळी, टमाटू, शहाळं, मीठ, पाणी सगळं डॉक्टरनं सोडवलंय, त्येचं पुण्य डॉक्टरला. माझं म्हणून ह्ये पाखरूच तेवढं ऱ्हायलंय."

"पण एवढं कशाला, अक्का? त्यात पाप काय आहे?"

मग त्यांच्या मानाने बराच आवाज खाली आणून म्हणाल्या, "मास्तर, माळ ओढाय बसलो की बी डोळ्याम्होरं खांब येत्यात. मणी सरकवतो अंगठ्यानं, आनि मनात पाखरू उडतंय. शेवटच्या घटकेला मनात जे असतं त्येच संगट जातं म्हणत्यात. त्या घडीला देवाचं नाव यायचं सोडून पाखरू आलं तर? सगळा जलम फुकट की वो."

त्यांना खरंच भीती वाटत होती. मशीनला, सुईला, डॉक्टरच्या ओरडण्याला न भिणारी ही बाई एवढ्या एका गोष्टीला भ्याली होती. मी समजूत घालायला गेलो नाही.

पण चार तास फार मोठे असतात. पाखरू गेल्यापासून अक्कांचा वेळ जाईना. तिसरा तास लागला की त्या कुशीवर वळायला बघायच्या, हात हलायचा, मशीन कोकलायचं. "काढा मला. बास झालं," असा धोशा. सिस्टरांनी नाही म्हटलं की अजितला बोलावून भांडायच्या. दोन-तीनदा त्या अर्ध्यातून उठून गेल्या. अंगातलं पाणी निघेना, पाय सुजले, धाप लागू लागली. डॉक्टर अजितला बाहेर घेऊन बोलले. परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"अक्का, असं अर्ध्यातनं उठू नगंस," तो त्यांच्या पायाशी बसून म्हणाला. "जिवावर बेतंल."

"मला बसवंना त्याला मी काय करू?" अक्का भिंतीकडे बघत म्हणाल्या.

त्या दिवशी अजित गेल्यावर मी माझा मोबाईल उशीला टेकवून त्यांना दिसेल असा धरला. "अक्का, तुम्ही खेळायचं सोडलंय. बघायचं नाही सोडलं ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग काचेकडे. "महाराजांनी बघायचं काय सांगितलं न्हाय," त्या सावकाश म्हणाल्या. "सिस्टर, ह्यांचा पलंग वाईच हिकडं सरकवा."

तिथून पुढे मी खेळायचो आणि अक्का ओरडायच्या. "दाबा की! झोपलासा काय? सोडा, सोडा, सोडा... अरिहंता! एवढी गणितं शिकवून एक खांब पार हुईना तुमच्यानं!" सगळा वॉर्ड हसायचा. त्यांचे चार तास पुरे होऊ लागले. पायाची सूज उतरली. मला वाटलं, मी फार हुशारी केली.

एक दिवस खेळता खेळता माझं लक्ष गेलं. अक्का माझ्या पाखराकडे बघत होत्या आणि त्यांचा उजवा अंगठा चादरीवर टकटक चालला होता. त्यांच्याही ते ध्यानात आलं. त्यांनी अंगठा मुठीत धरला. "बघा, मास्तर," त्या खिन्नपणे म्हणाल्या, "नेम मी घेतला. अंगठ्याला कुठं म्हाईत हाय?" तरी दुसऱ्या वेळी आल्यावर पलंग सरकवायला त्यांनीच सांगितलं. त्याही दमल्या होत्या, मीही.

दसऱ्यानंतर त्यांचं हृदय थकलं. मशीनवर घेतलं की रक्तदाब तळाला जाऊ लागला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. दोन दिवसांनी अजितचा फोन आला. "मास्तर, येऊन जावा. तुमचं नाव काढाय लागलीया."

मी कागलची बस धरली. दुपारी पोचलो. पुढच्या खोलीत खाट टाकली होती. बायका खाली बसून हलक्या आवाजात णमोकार मंत्र म्हणत होत्या. अक्कांचे डोळे मिटलेले होते. मी हाक मारली तर भुवई जराशी हलली, एवढंच. जपमाळ हातातून सुटून गोधडीवर पडली होती, आणि रिकाम्या बोटावर अंगठा चालूच होता.

"बघा," अजित डोळे पुसत माझ्या कानाशी म्हणाला, "माळ सुटली, पर जप थांबला न्हाय."

मी अंगठ्याकडे बघितलं. मण्यावरचा अंगठा एका चालीने जातो. हा तसा नव्हता. दोन झटपट, मग थांबणं. एक. पुन्हा थांबणं. मग तीन लागोपाठ. ती चाल मी शेजारच्या पलंगावरून महिनोन् महिने पाहिली होती. बाईला ज्याची भीती होती तेच झालं होतं आणि त्या खोलीत ते फक्त मला कळत होतं. त्यांचा अंगठा हातात धरून थांबवावा म्हणून मी हात पुढे केला.

पण धरवला नाही. अंगठा थांबतच नव्हता. दवाखान्यात एवढा वेळ त्यांचं पाखरू कधी टिकलं नव्हतं. एकामागून एक खांब मागे पडत असणार. कपाळावरची आठी गेली होती. मी हात मागे घेतला आणि बघत राहिलो, पडू नये, एवढंच मनात होतं.

मग अंगठा थांबला. ओठ हलले, आणि बायकांनी म्हणणं थांबवलं म्हणून सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं.

"अरिहंता."

त्यानंतर एक श्वास सुटला. पुढचा आला नाही.

अजित माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडला. "नाव घेऊन गेली वो, मास्तर."

"व्हय," मी म्हटलं. "नाव घेऊनच गेल्या." ते अक्षरशः खरं होतं. खोटं बोलायची पाळी माझ्यावर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं मशीन होतं. अक्कांच्या पलंगावर कोणी नवीन गृहस्थ छताकडे बघत पडले होते. सिस्टरांनी माझ्या हातात सुया टोचल्या, नळ्या जोडल्या आणि जरा घुटमळून विचारलं, "सर, मोबाईल देऊ का?"

त्या गृहस्थांना आज आवाजाचा त्रास होणार होता.

"द्या," मी म्हटलं.