मागं राहिलेली पोरगी

ताज्या डांबराचा वास आला, की लेण्याद्री फाट्याजवळची ती सकाळ आठवते. मुलींच्या राष्ट्रीय सायकल स्पर्धेसाठी रस्ता नवा केला होता आणि पलीकडं निघालेली आमची मेंढरं पोलिसानं कडेलाच अडवली होती. चुलत्यांनी काठी आडवी धरताच कळप जागीच थांबला. तेवढ्यात आग्यामोहोळ उठावं तसा आवाज आला आणि पन्नासेक सायकली एका झपाट्यात समोरून गेल्या. त्या वाऱ्यानं माझी ओढणी उडाली, मी बघतच राहिले. ‘‘गेल्या समद्या, हाका आता,’’ पोलीस म्हणाला. चुलते हलले नाहीत. ‘‘न्हाई राव, चढाला एक पोरगी मागं हाय. शेवटचं मेंढरू आल्याबिगर आमी वाट सोडत न्हाई.’’ कोकरं ओरडत होती, कळपामागं अडकलेले ट्रॅक्टरवाले हॉर्न देत होते, पण काठी तशीच. बऱ्याच वेळानं ती आली, एकटीच, घामानं निथळत. चुलत्यांनी हात जोडले, ‘‘जा माय, वाट मोकळी हाय.’’ परवा मोबाईलवर त्या स्पर्धेचा इतिहास वाचला. प्रत्येक सालापुढं पहिल्या तिघींचीच नावं होती. तरी मी पान खाली खाली सरकवत राहिले. एक पोरगी मागं राहिली होती ना.